करंजेलाचा वास

पोलादपूर,
सोमवार, दि. २७ ऑक्टोबर २०२५

प्रिय नागसेन सर यांस,
सुहासचा सप्रेम जय भीम.

येथे डावा पाय वगळता सर्व क्षेम आहे. आपल्या दोन्ही तळहातांचे क्षेम कळवावे.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर माणूस हवापाण्याचं बोलतो आणि 'बाकी काय' म्हणून ठेवून देतो. मला बाकीचंच लिहायचं आहे. पत्र आम्रपालीच्या हाती देतो आहे. बिरवाडीत ती तुमच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे राहते. ती ते उघडून वाचणार नाही, आणि वाचलं तरी हरकत नाही. तिला सगळं आधीच ठाऊक असतं.

आधी इकडची खबर. प्लास्टर अजून अडीच आठवडे आहे. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळतंय. चौपन्नाव्या वर्षी आपलं काहीतरी छान जुळतंय, हे ऐकून मला बरं वाटलं. आम्रपाली भेटायला आली, तिने पिशवीतून मार्कर काढला आणि प्लास्टरवर लिहिलं : 'तपासणी ३ ऑक्टोबर. पुढील तपासणी १४ नोव्हेंबर.' खाली सही. शिष्या तुमचीच. तिच्या दृष्टीने दोराची पिशवी आणि माझा पाय यांत भेद नाही.

भेटायला येणाऱ्यांची रीघ आहे. मी घसरलो तो खाणीचा चाळीस फुटी कडा त्यांच्या तोंडी दर आठवड्याला वाढतो. काल एका पाहुण्यांनी मलाच सांगितलं की मी कशेडी घाटातून खाली आलो. मी म्हटलं, ट्रकसकट की नुसताच? ते म्हणाले, तेवढं काय कळलं नाय.

तुम्ही म्हणाल, काका, काय झालं ते मला माहीत आहे, मी तिथेच होतो. होतात. पण तुम्ही खाली होतात आणि मी वर. वरून काय दिसलं ते मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही.

आपल्या विनीत साहेबांचं परिपत्रक तुम्हाला आठवत असेल. घाटातल्या दरडींवर आपण जाळ्या बसवतो, त्या कामावर जो कोणी पाय ठेवील त्याला दोरावरून उतरता आलंच पाहिजे. त्यात स्टोअरकीपरही आला. मी संस्कृतात एम. ए. केलं, शाळेत पोरांकडून विभक्त्या घोकून घेतल्या, शाळेने संस्कृत बंद केलं तेव्हा कंपनीत नटबोल्ट सांभाळायला आलो, त्याला अकरा वर्षं झाली. पुढे कधी जुन्या खाणीच्या कड्यावर दरीकडे पाठ करून उभं राहावं लागेल, असा योग कुठल्याही शास्त्रात सांगितलेला नव्हता.

तुमची शिकवण्याची पद्धत मला पहिल्या दिवसापासून आवडली. कड्यावरून पाऊल टाकण्याआधी वरच्याने ओरडायचं, 'खाली कोण?' खाली दोराचं टोक धरलेल्या माणसाने स्वतःचं नाव सांगून म्हणायचं, 'आहे, या.' उत्तर कानांवर पडल्याशिवाय पाय हलवायचा नाही. वरचा घसरलाच, तर खालच्याने दोर ताणायचा, म्हणजे वरचा थांबतो. मी तुम्हाला म्हणालो होतो, सर, देवाला हाक मारायचीही हीच पद्धत आहे, फक्त तिकडून उत्तर येत नाही. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "म्हणून तर मी खाली माणूस उभा करतो, काका."

त्या दिवशी माझे हातमोजे स्टोअरमध्ये राहिले. नवे होते, म्हणून राहिले. नवी वस्तू कपाटातून काढायची नाही, हा आम्हा स्टोअरकीपरांचा कुलाचार. तुम्ही स्वतःचे मोजे काढून माझ्या हातांत चढवलेत आणि उघड्या हातांनी खाली जाऊन उभे राहिलात.

मी ओरडलो, खाली कोण. उत्तर आलं, नागसेन आहे, या. सहा पावलं मी झकास उतरलो. आम्रपाली वरून वाकून बघत होती, तिला मी म्हणालोही की यात एवढं शिकण्यासारखं काय आहे. सातव्या पावलाला दोर हातांतून पळाला. तो ज्या धातूच्या आठच्या आकड्यातून ओवलेला होता, त्यातूनही तो सरसर निघाला. त्रिशंकू निदान मध्येच थांबला होता, मी तेवढाही पुण्यवान नाही. पाय खडकावर आपटला, कट् असा आवाज आला, आणि मग जमीन पुरुषभर खाली असताना मी एकदम थांबलो. का थांबलो, ते मान वळवल्यावर दिसलं. तुम्ही टाचा मुरमात रोवून, अंगाचा सगळा भार दोरावर टाकून मागे कलला होतात. तुमच्या हातांकडे मी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

इथपर्यंत अहवालात आहे. अहवालात पुढचं वाक्य असं आहे : 'प्रशिक्षकाकडून दोराची पुरेशी तपासणी झाली नाही.' या वाक्यावर तुम्हाला घरी बसवलं. ते तुम्ही वाचलं असेल, आणि अक्षरही ओळखलं असेल. कचेरीत बरं अक्षर एकट्या माझंच आहे. विनीत साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून तो उतरवला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. बाकी सगळी चूकच आहे.

आता खंडेनवमीचं लिहितो. हे पान तुम्ही बसून वाचा.

दरवर्षी त्या दिवशी स्टोअरमध्ये अवजारांची पूजा होते. भटजी मिळाले नाहीत, की दोन श्लोक येतात म्हणून पुरोहित मी. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर तुमचा कार्यक्रम होता, तयारीसाठी तुम्ही दुपारीच महाडला निघालात. निघण्याआधी दोर वीतभर वीतभर तपासलात, पिशवीत भरलात, पिशवीच्या तोंडाला सहीची पट्टी चिकटवलीत. पट्टी शाबूत असेल तर दोर तयार, असा तुमचा नियम. मग दारात थांबून म्हणालात, "काका, ड्रिल पुजा, जनरेटर पुजा. दोराला हात लावू नका."

मी म्हणालो, "का? दोर नास्तिक आहे का?"

"दोराला देव चालतो, काका. तेल-कुंकू चालत नाही."

तुम्ही गेलात. ड्रिलला झेंडू झाला, जनरेटरला हार झाला, फावड्यांना कुंकू झालं. दोराची पिशवी तेवढी कोपऱ्यात कोरडी. सगळ्यांची पंगत बसावी आणि एकाला बाहेर ठेवावं, तशी ती मला दिसू लागली. आमचे वडील दर खंडेनवमीला नांगराच्या चामडी नाड्याला करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, चोळायचे. नाडा मऊ राहतो, तडकत नाही, त्याचं भलं होतं. मी घरी जाऊन वाटीभर करंजेल आणलं. तुमची पट्टी चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून, न फाटता सोडवली. दोराच्या टोकाची गाठ मात्र सोडली नाही, कारण ती मला पुन्हा बांधता आली नसती. गाठीजवळचा भाग तसाच राहू दिला, पुढचे वेढे बाहेर ओढले आणि श्लोक म्हणत तेल चोळलं. वाटी संपली तिथे थांबलो. पट्टी पुन्हा चिकटवली. काम इतकं सफाईचं झालं की तीन तारखेला तुम्ही ती पट्टी निरखून पाहिलीत आणि दोर बांधलात. हाताला आलं ते कोरडं टोक. तुम्ही विश्वास ठेवलात तो स्वतःच्या सहीवर नव्हे, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्यावर.

स्टोअरच्या भिंतीवर तुमचे तीन नियम मीच संस्कृतात करून लावले आहेत. आदौ पश्य, ततः स्पृश, ततो लम्बस्व. आधी बघ, मग हात लाव, मग लटक. तुम्ही विचारलं होतं, हे इथे कोणाला कळणार? मी ऐटीत म्हणालो होतो, मला.

जीपमध्ये मला आडवं घातल्यावर तुम्ही माझ्या हातांतले मोजे काढलेत. एक नाकाजवळ नेलात. करंजेलाचा वास म्हणजे लग्नात आलेला नावडता पाहुणा, तीन दिवस हलत नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी डोळे मिटून कण्हलो. पाय दुखत होता हे खरं, पण इतकं कण्हण्यासारखा दुखत नव्हता. तुम्ही मोजे घडी करून खिशात ठेवलेत आणि आजतागायत कोणाला एक अक्षर बोलला नाहीत.

का बोलला नाहीत, हे मी तुम्हाला विचारणार नाही. तुम्ही 'पूजेचं तेल' एवढे दोन शब्द उच्चारले असते, तर दोर राहिला असता बाजूला. तुम्ही कोण, पूजा कोणाची, यावरच चार दिवस चर्चा चालली असती. हा तालुका मलाही माहीत आहे. म्हणजे ते दोन शब्द माझ्याच तोंडून यायला हवे होते. आणि मी अक्षर गिरवत बसलो.

निकाल लावला तो आमच्या आईने. धनत्रयोदशीला तिने गुडघ्यांना चोळायला करंजेल मागितलं. वाटी रिकामी. तेल कुठं गेलं, म्हणून तिने घर उलटंपालटं केलं, मांजरावर आळ घेतला, तेव्हा मी सांगितलं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"दोराला लावलंस? दोराला काय वात झालाय?"

मग मी उरलेलंही सांगितलं. आमच्या आईचं, प्रयागबाईंचं, वय ऐंशी, ऐकू अर्धं येतं, पण त्या दिवशी सगळं आलं. म्हणाली, "त्या नागसेनाच्या हाताची सालं गेली, आन तू हितं कण्हत बसलायस व्हय? एरवी तुजं त्वांड बंद होत नाय." तेव्हापासून मला चहा मिळतो, पण साखरेविना. दिवाळीभर घरात चकल्या होत्या, माझ्या ताटात दोनच यायच्या, त्याही मोडक्या.

परवा शनिवारी कुबडी घेऊन मी विनीत साहेबांकडे गेलो आणि वरचं सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. साहेब दोनदा वाचून म्हणाले, काका, तुम्ही जखमी आहात, जखमी माणसाची चूक नसते असं आपण एकदा लिहून बसलोय, आता ते फिरवायचं कशाला? शिवाय स्टोअर तुमच्याकडून जाईल. मी म्हणालो, जाऊ दे. ते म्हणाले, बरं, पुरावा काय? दोराचे तुकडे करून तो केव्हाच फेकून दिला आहे, नियमच तसा आहे, आणि फेकणारा मीच. म्हणून मी म्हणालो, पुरावा नागसेन सरांच्या खिशात आहे.

सोमवारी, ३ नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता मुख्य कचेरीतून चौकशी अधिकारी येणार आहेत. तुमचं काम राहणार की जाणार, ते त्या दिवशी ठरेल. मोजे घेऊन या. धुतले असतील तर नुसते हात घेऊन या. त्यांच्यासमोर ते दोन शब्द मी उच्चारणार आहे, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

पत्रासोबत आम्रपालीजवळ दोरांच्या कपाटाची किल्ली दिली आहे. चौकशीत काहीही ठरो, ती किल्ली माझ्या कनवटीला पुन्हा नको. नवे हातमोजेही मी सगळ्यांना वाटून टाकले. कपाट अकरा वर्षांत पहिल्यांदाच रिकामं दिसतंय, आणि खोटं कशाला सांगू, बघून जीव कळवळतो.

तुम्ही याल की नाही, मला माहीत नाही. तेवीस दिवस मी गप्प होतो, तुम्ही त्याहून जास्त दिवस रागावलात तर तो हिशेब मला मान्य आहे. नाही आलात तरी माझा कागद साहेबांच्या टेबलावर राहील. मी तो मागे घेणार नाही, आणि मी घ्यायला निघालोच तर आई घेऊ देणार नाही. तिने तुम्हाला चकल्या पाठवल्या आहेत. अख्ख्या आहेत.

प्लास्टर सुटलं की मला पुन्हा त्या खाणीच्या कड्यावर जायचं आहे. मला अजून उतरता येत नाही. पण दुसऱ्या कोणाच्या आवाजावर माझं पाऊल काही हलायचं नाही. म्हणून तुमच्याच पद्धतीने विचारतो, आणि उत्तर ऐकू येईपर्यंत इथेच उभा राहतो.

खाली कोण?

तुमचा,
सुहास