जिन्याखालचं कोर्ट

दि. १२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि माझ्या लाडक्या भाचीला पोटभर आशीर्वाद. माझे गुडघे आपल्या जागी आहेत, फक्त कामाला येत नाहीत. तुझा खोकला गेला का? गळ्याला काहीतरी गुंडाळून बाहेर पडत जा. एवढा बाप्या झालास तरी सांगावं लागतं.

निकाल तुझ्या वकिलांनी कळवला असेलच. पण तिथे जे घडलं ते मला कुणाला तरी सांगायचंय, आणि असलं काही सांगायला तुझ्याशिवाय मला आहे कोण?

वकील लावणं मला झेपणारं नव्हतं. अर्ज माझा मीच लिहिला. बाबांच्या लाँड्रीत माझा अर्धा वाटा आहे, तू घातलेलं कुलूप निघावं, एवढंच. पण कोर्ट पडलं वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. म्हणून प्रत्येक तारखेला मी वेळेवर जाऊन जिन्याखालच्या बाकावर बसायचे. वाटायचं, आपण आलोय हे वर कळत असेल. शिपाई वरून माझं नाव पुकारायचा, मी खालून जीव तोडून "आहे, आहे" म्हणायचे. कबुतरं उडायची, बस्स. वर कागदावर मात्र 'वादी गैरहजर'. आणखी एकदा तसं झालं असतं तर दावाच निकालात निघणार होता.

एकदा तो शिपाई चहाला खाली उतरला. मी सहज म्हटलं, आज माझं नाव घेताना तुमचा आवाज बसल्यासारखा वाटला. तो गर्रकन वळला.

"आजी, त्या गैरहजर बाई तुम्हीच का?"

"हो," म्हटलं, "मी नेहमी इथेच असते."

चहा तसाच टाकून तो वर पळाला. थोड्या वेळाने वर खुर्च्या सरकल्या. आधी शिपाई टेबल घेऊन उतरला, मागून टायपिस्ट आपलं यंत्र पोटाशी धरून, मग तुझे वकील घाम पुसत. आणि शेवटी न्यायाधीश बाई. तुझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल. काळा झगा धुळीला लागू नये म्हणून एका हाताने उचललेला. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा. तुम्ही पुष्कळदा आलात. आज आम्ही आलोय."

सायकलींच्या शेजारी कोर्ट भरलं, धाकट्या. एकाने चालू केलेली मोटारसायकल बंद केली. जन्मभर मी असले झगे धुतले, त्यांना इस्त्री केली, बाह्या सरळ केल्या. पण झग्यातलं माणूस माझ्यासाठी जिना उतरेल, हे स्वप्नातही आलं नव्हतं. अंगावर काटा आला तो अजून गेला नाही.

तुझ्या वकिलांनी विचारलं, भावानेच तुम्हाला सांभाळलं, खरं ना? तुझी लाज राखावी म्हणून मी गप्प बसणार होते. पण बाईंनी पेन खाली ठेवलं आणि वाट बघत राहिल्या. माझ्या उत्तरासाठी कधी कुणी असं थांबलं होतं? मग मी बोलले. आई गेली तेव्हा तू कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपायचास, तुला मी वाढवलं. दुकान बाबांनी आणि मी चालवलं. बाबा गेले आणि तू कुलूप लावून म्हणालास, मुलीचा काय संबंध. टायपिस्टने ते जसंच्या तसं उतरवलं. माझं बोलणं, सरकारी कागदावर.

निकालही बाईंनी खाली येऊनच वाचला. अर्धं दुकान माझं. सोमवारी कुलूप निघेल.

रागावला असशील. राग धर, पण सोमवारी ये. ओली चादर पिळायला दोघं लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. भाचीलाही आण. दुकान कुणाचं असं तिने विचारलं, तर उत्तर तूच दे. मी बसून ऐकेन.

तुझी ताई,
अर्ध्या दुकानाची मालकीण