बाबांचे तीन सल्लागार

प्रिय दादा,

बाबांना जाऊन सोळा दिवस झाले. परत जाताना तू माझ्या गळ्यात पडून म्हणालास, त्यांनी स्वतः विचार करून ठरवलं होतं, आपण काय करणार? मी तुझी बॅग दाराबाहेर नेऊन ठेवली. आई शेजारी उभी होती, तिच्यादेखत बोलायचं नव्हतं.

घड्याळं दुरुस्त करणारा आपला बाप माणसांनाही उघडून बघायचा. त्यांची पद्धत तुला ठाऊक आहे. काहीही ठरवायचं तर तिघांना विचारायचं, आणि त्यातला एक तरी हटकून वाकड्यात शिरणारा हवा. तुझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी तुझ्या सासऱ्यांशी भांडण असलेल्या शिंप्याला गाठलं होतं, आठवतं? पुढे दुकान बंद झालं, माणसं पांगली, आणि तू तुझा जुना फोन त्यांना दिलास. आतलं काही पुसलं नाहीस. तुझंच खातं त्यात चालू राहिलं, आणि बाबा आता माणसांऐवजी त्यातल्या तीन व्हिडिओंना विचारून ठरवायला लागले.

तू तिकडे मधुमेहाच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांचा डाव असले व्हिडिओ बघायचास, आणि इकडे तेच बाबांपुढे यायचे. जन्मभर तुझं एक वाक्य धड पुरं होऊ न देणारा माणूस तुझ्या बोलण्यावर मान डोलवायला लागला. तू हुरळून गेलास, म्हणालास, म्हाताऱ्याला शेवटी अक्कल आली. अरे गाढवा, तुझ्याच बाता ते तीन अनोळखी तोंडांतून ऐकत होते! गोळ्या त्यांनी माझ्यादेखत कचऱ्यात ओतल्या. मी आरडाओरडा केला तर म्हणाले, तिघांना विचारलंय पोरी, एकही नाही म्हणत नाही. एवढं एकमत त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग पायाची जखम चिघळली, मग पाय कापला, मग ते गेले.

आता तू रडशील. रड. मुलांसमोर रड, म्हणजे ती कारण विचारतील आणि तुला सांगावं लागेल.

जाब विचारायला लिहितेय असं वाटेल तुला. तसं असतं तर किती बरं झालं असतं. फोनच्या कोपऱ्यातला तुझा फोटो मी पहिल्याच आठवड्यात पाहिला होता. काय चाललंय ते मला कळलं होतं. तुझं खातं काढायला दोन मिनिटं पुरली असती. पण तुमची भांडणं थांबली होती, आई हसून जेवत होती, आणि मला त्या शांततेची चटक लागली होती. गोळ्या गेल्या त्या दिवशीही मी फोनला हात लावला नाही. हे मला एकटीला झेपत नाही, म्हणून त्यातलं अर्धं तुला पाठवते आहे.

तुझीच,
धाकटी