निरोप क्रमांक ८७१

कतारगाम, सुरत
सोमवार, १३ जानेवारी २०२५

चि. प्रदीप यास आत्याचा सप्रेम जयभीम. चि. सौ. स्वातीस आशीर्वाद.

काल रविवार, १२ जानेवारी, दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी तू माझ्या पुढच्या खोलीत बसून तुझ्या आईचे निरोप पुसलेस. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, तक्रार करायची तर आधी तारीख-वेळ लिहावी आणि मग रडावं. मी तारीख-वेळ लिहिली आहे. रडणार नाही.

स्वातीही हे वाचणार, म्हणून तिच्यासाठी लिहिते. १९९४ साली आपल्याकडे इंटरनेट नव्हतं. मी टेलिफोन एक्स्चेंजात होते. घरी एक कॉम्प्युटर फोनलाइनला जोडून मी आपल्या लोकांसाठी निरोपांचा बोर्ड चालवत असे. दोन-चार गावांत कोणाकोणाकडे कॉम्प्युटर होते, ते लाइन लावून निरोप वाचायचे आणि वस्तीत सांगायचे. सप्टेंबरात प्लेगची बातमी आली आणि सुरत रिकामी व्हायला लागली. जो गावी पोहोचे, तो स्टेशनावरच्या बूथवरून मला फोन करी. मी त्याचा निरोप रोमन अक्षरांत टाइप करत असे. क्रमांक आणि वेळ यंत्र आपणहून टाकी, त्यात मला हात घालता येत नसे.

तुझी आई, म्हणजे नीलमवहिनीही त्यात होती. माझ्या भावाला, रामजीदादाला, ताप होता. नात्यातल्या राघोकाकांनी तिला तुझ्यासह भुसावळला उतरताना पाहिलं आणि तेव्हापासून ते सांगत आले की ती आजारी नवऱ्याला टाकून पळाली. दादा नवव्या दिवशी गेला. तू तिच्या सासरच्या माणसांत वाढलास, ऐकलंस, खरं धरलंस. तिने एकदाच सांगितलं की मी परत गेले होते. पुन्हा सांगितलं नाही. गेली दोन वर्षं तू तिच्या स्मृतिदिनालाही आला नाहीस. मी काही म्हटलं की तू म्हणतोस, आत्या, तू तिची मैत्रीण, तू असंच म्हणणार.

म्हणून तो बोर्ड उघडून दाखव म्हटलं. तू जुन्या डिस्कवरून बोर्डचा फोल्डर लॅपटॉपवर घेतलास. चूक आली. दुरुस्तीचा प्रोग्राम चालवलास. त्याने सांगितलं, २१२ निरोपांचा मजकूर सापडत नाही, नोंदी काढून टाकू का? हातातला चहाचा कप खाली न ठेवता तू होय दाबलंस. वर म्हणालास, फाइल मेली आत्या, डिस्कचा डबा भंगारात दे. शेजारची ज्योतीबेनही म्हणाली, जवा दो ने, मासी, म्हणजे जाऊ द्या ना.

डबा मी दिलेला नाही. देणारही नाही. उत्तर फोनवर नको, पोस्टाने पाठव.

लोभ तुझ्या बाजूने शिल्लक असेल तर कळव. माझ्या बाजूने आहे.

तुझी
प्रभावतीआत्या


पुणे
शनिवार, १८ जानेवारी २०२५

ती. आत्यास सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र स्वातीने मोठ्याने वाचलं आणि मग मला चहा दिला नाही. दहा वर्षांनी हाताने पत्र लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

मी जे पुसलं ते लॅपटॉपवरच्या प्रतीतून. मूळ डिस्क टिनच्या डब्यात जशीच्या तशी आहे, तिला जोडायची वायरही तुझ्याकडेच ठेवून आलोय. पण आशा धरू नकोस. पाचशे निरोप नीट उघडले: वाढदिवस, भाड्याच्या खोल्या, कोसाडला कोणाची सायकल गेली ते. दोनशे बाराच नेमके उघडत नाहीत. तीस वर्षांत डिस्क खराब होतेच, त्यात कोणाचा दोष नसतो.

आणि खरं सांगू का? मी चार वर्षांचा होतो. आजीच्या ओट्यावर बसलो होतो आणि आई चालत गेली, मागे वळली नाही, एवढं मला आठवतं. ती कुठे गेली ते राघोकाकांनी सांगितलं. आईने पुढे सहा वर्षांनी मला सुरतला नेलं तेव्हा विचारायची वेळ निघून गेली होती. आता ते उकरून कोणाचं भलं होणार आहे?

तरी तुझं समाधान व्हावं म्हणून दुरुस्तीच्या प्रोग्रामने दिलेली चुकांची यादी सोबत छापून पाठवतो. लॅपटॉप बिघडला तरी चालेल. तू बिघडू नकोस. काही सापडलंच, तर मी लेखी माफी मागेन.

रागावलीस तरी ओरडायला माणूस म्हणून मला ठेव, ही विनंती.

तुझा
प्रदीप


कतारगाम, सुरत
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

चि. प्रदीप यास जयभीम व आशीर्वाद. स्वातीस विशेष, चहाबद्दल.

एकतीस वर्षं एक्स्चेंजात काढली. नंबर लागत नाही म्हणून माणूस मेला, असं आम्ही एकदाही म्हटलं नाही. आधी लाइन तपासायची. तुझी यादी घेऊन बसले. न उघडणारे निरोप ८४० ते १०५१, सगळे सलग, एकही सुटलेला नाही. डिस्क नासली असती तर इथे चार, तिथे सहा असे गेले असते. सलग दोनशे बारा नासत नाहीत, ते कोणीतरी उचलून ठेवलेले असतात.

उचलणारी मीच. ते सॉफ्टवेअर दर रविवारी शेवटचे पाचशे ठेवून जुने निरोप पुसायचं. त्या दिवसांतला एकही निरोप पुसू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं, कारण कितीतरी जणांचा तो शेवटचा ठावठिकाणा होता. म्हणून नोंदी यादीत ठेवून मजकूर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला आणि यंत्र चालू होताना वाचतं त्या फाइलीत एक ओळ लिहिली, की या फोल्डरला बी ड्राइव्ह, म्हणजे वेगळी डिस्क, समज. तू बोर्डचा फोल्डर नेलास. माझा फोल्डर नेला नाहीस, ती ओळही नेली नाहीस. यंत्र बी ड्राइव्ह शोधत राहिलं आणि तू त्याला मेलेलं ठरवलंस. तुला सांगायला हवं होतं, ते मी विसरले. अर्धी चूक माझी, ती मी लेखी कबूल करते. तुझी अर्धी बाकी आहे.

काल ज्योतीबेनच्या कॉम्प्युटरवर पूर्ण डिस्क नव्याने उतरवून घेतली, ती ओळ पुन्हा लिहिली. दोन वेळा चुकलं, तिसऱ्यांदा सगळे उघडले. तुझ्यासाठी दोन उतरवून देते, शब्दही तिचे.

८७१. २३ सप्टेंबर १९९४, सकाळी ६.१०. नीलम, भुसावळ स्टेशन. “पोरगा सासूजवळ सोडला. मागे बघितलं नाही, बघितलं असतं तर पाय निघाला नसता. आता मिळेल त्या गाडीने परत येते, सुरतकडे डबे रिकामे आहेत. यांना कोणीतरी सांगा, दाराला आतून कडी लावू नका.”

९०३. २४ सप्टेंबर १९९४, दुपारी ४.१५. नीलम, सुरत. “काल पोहोचले. ताप आहे, पण ओळखतात. आता फोन करणार नाही. घरीच आहे.”

उकरून कोणाचं भलं, असं तू विचारतोस. तिचं. मेलेल्या बाईचंही भलं करता येतं, आणि ते करायला कोणाची परवानगी लागत नाही. राघोकाकांना दोन्ही निरोप छापून आजच रजिस्टर पोस्टाने पाठवले आहेत, पोचपावतीसह. त्यांनी चष्मा शोधत बसू नये म्हणून अक्षर मोठं ठेवलं आहे.

आता तुझं. बोर्डवर प्रत्येक निरोपाखाली एक रकाना असे. ८७१ च्या खाली तीस वर्षं लिहिलेलं आहे: उत्तर नाही. मला तुझी माफी नको. माझ्या नावे तर अजिबात नको. त्या रकान्यात काय घालायचं ते तू तुझ्या हाताने लिहून पाठव. मी एकही अक्षर न बदलता टाइप करीन. क्रमांक आणि वेळ यंत्र टाकील.

१६ फेब्रुवारीला तिचा स्मृतिदिन आहे. तुझं लेखी उत्तर सोमवार, १० फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन करशील तर मी उचलणार नाही.

भांडणाइतकाच लोभही चालू ठेव.

तुझी
प्रभावतीआत्या