परकं निशाण

२४ सप्टेंबर
आलो एकदाचे! बाबांनी खुर्चीत बसून हुकूम सोडले आणि मी खोकी उचलली, म्हणजे सगळं नेहमीसारखं. औरंगाबादहून शेंद्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवी कॉलनी, तिच्यात हे बसकं घर. वर मोकळी गच्ची, बाबांच्या संध्येला अगदी झकास. मला शेंद्र्याच्या जपानी कंपनीत दुभाष्याची नोकरी. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. एकमेकांची कटकट सहन करायला तिसरं कुणी नाही.

पाण्याचं तेवढं अवघड आहे. पावसाने दडी मारलीय, बोअर आटलीय, टँकर येईल तेव्हा येईल. शेजारच्या द्वारकाबाईंनी आल्या आल्या बजावलं, "हॉर्न वाजला की मी हाळी देते. लगीच दार-गेट उघडायचं, नाय तर बसा बोंबलत." बाई मला आवडल्या.

२९ सप्टेंबर
मोरिता-सान, आमचे साहेब. त्यांनी वर्धापनदिनाचं भाषण मराठीत करायला दिलंय. विषय काय, तर १८६९ची आरमारी लढाई! जपानात यादवी चाललेली. हरत आलेल्या बाजूचं 'कैतेन' जहाज मियाकोच्या आखातात शत्रूचं लोखंडी जहाज पळवायला गेलं. जवळ पोचेपर्यंत परकं, अमेरिकेचं निशाण. भिडायच्या क्षणी ते उतरवलं आणि आपलं चढवलं. पण कैतेन उंच, शत्रूचा डेक खूप खाली. त्यामुळे नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, एकेकानेच उडी टाकायची, आणि खाली मशिनगन. एकेक जण पडत गेला. उरलेले कैतेन घेऊन पळाले, उड्या टाकलेल्यांना तिथंच सोडून. साहेबांना यातून कामगारांना धडाडी शिकवायचीय. धन्य आहे.

जेवताना बाबांना सांगितलं तर त्यांचा हात ताटातच थांबला. त्या पोरांचं कोण करतं गं वैदू, म्हणाले. पितृपक्ष लागलाय, ज्यांना कुणी नाही त्यांच्या नावाच्या ओंजळीत उद्यापासून त्यांनाही धरतो. मी हसले. टँकरचं पाणी जपानपर्यंत पोचेल का, म्हटलं.

३ ऑक्टोबर
बाबा सकाळी गच्चीवर तर्पण करतात आणि पाण्याचं ताम्हन कठड्यावर ठेवतात. आज सुट्टी म्हणून पाहिलं. दुपारी ताम्हन ठणठणीत कोरडं. उन्हाने असेल. पण तळाला पांढरा थर होता. जिभेला लावला. मीठ.

द्वारकाबाईंनी गेटवर गाठलं. "दुपारच्याला तुमच्या गच्चीवर उड्या कोन मारतंय वो? धप्प. मग जरा थांबून पुन्यांदा धप्प. लई जोरात." मी बाबांना विचारलं तर म्हणाले, आली असतील, तहानेली आहेत बिचारी. आता ते ताम्हनाऐवजी भरली घागर वर ठेवतायत! मी भांडले. पाणी दिलं ती आपली झाली, म्हणाले. अमावास्येला रीतसर निरोप देईपर्यंत त्यांना कोरडं कसं पाठवू? बाबांशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेले नाही.

६ ऑक्टोबर
बाबा तांब्यावर तांब्या रिचवतात आणि ओठ फुटलेलेच. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय. मला फार भीती वाटतेय. बाबांशिवाय मला कुणी नाही.

दुपारी घरी होते. मीही ऐकलं. धप्प. थांबून, धप्प. वर गेले. गच्चीवर मिठाची पावलं, अनवाणी, कठड्यापासून जिन्याच्या दारापर्यंत. दाराला कुलूप घातलं. घागर खाली आणली. ताम्हन लपवलं.

९ ऑक्टोबर
भर दुपारी हॉर्न वाजला. द्वारकाबाईंची हाळी आली, टँकर आलं, टँकर आलं! दार उघडलं, गेट उघडलं, पाइप घेऊन रस्त्यावर धावले.

रस्ता रिकामा. द्वारकाबाईंच्या दाराला कुलूप. त्या कालच वेरूळला बहिणीकडे गेल्यात, मला सांगून —

घरात आले तर स्वयंपाकघरापर्यंत पावलं. एकामागे एक. परकं निशाण लावून आले आणि मीच दार उघडलं.

१० ऑक्टोबर
बाबांना शहरात अ‍ॅडमिट केलं. डोळे खोल गेलेत. अमावास्येला निरोप दे म्हणतात, तू दिलास तरी चालेल. मी हो म्हटलं. मी काहीही करीन.

१२ ऑक्टोबर, सर्वपित्री
निरोप द्यायला एकटीच घरी आले. ताम्हन काढलं. हंड्यात शेवटचं पाणी.

दारावर थाप. बाबांचा आवाज. वैदू, दार उघड, घसा सुकलाय. रिक्षाने आलोय म्हणे.

हॉस्पिटलला फोन केला. नर्सने बघून सांगितलं, झोपलेत, सलाइन चालू आहे.

नाही उघडणार. एकदा फसले, पुन्हा नाही.

लिहीत बसलेय. लिहिताना कमी ऐकू येतं. बाहेर ऊन मी म्हणतंय. आवाज आता रडतोय. बाबा रडत नाहीत. आई गेली तेव्हा फक्त —

थांबला.

नर्सचा फोन. चुकून शेजारचा पेशंट पाहिला. बाबा सुई उपसून मघाशीच निघून गेले, वॉचमनने रिक्षात बसताना —

खिडकीतून दिसतात. पायरीवर. मान खाली. चष्मा पायाशी. हलत नाहीत

पाणी — हंड्यात नुसतं मीठ

गच्चीवर धप्प. एकदाच.

बाबा, आले, उठतेय, कडी काढते

पाठीमागून, स्वयंपाकघरातून, बाबाच. शांतपणे. राहू दे वैदू, मी आत आलो. थोडं पाणी —