तांबी बसली, नळ राहिला

प्लंबरसाहेब,

तांबी बसवून आले! आत पडलेय, उठवू नकोस. पोटात बारीक कळा आहेत, पण ऐट विचारू नकोस.

रोज गोळी लक्षात ठेवणं माझ्याच्याने होत नाही. मागच्या महिन्यात पाळी लांबली तेव्हा दोघांची कशी पाचावर धारण बसली होती! ऑपरेशन इतक्यात नको, पिंकीला भावंड हवंय कधीतरी. डॉक्टरीणबाईंनी सगळे उपाय समजावले, निवडलं मात्र मी. हवी तेव्हा काढताही येते. "बघू, बघू" करत तू वर्ष घालवलंस, मी एका सकाळीत काम फत्ते केलं.

एक घोळ झालाय. निघताना आईंनी "कुठे?" विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तांबी बसवायला." त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, सिंकची गळती थांबेल एकदाची." तेव्हा तो नळ आजच्या आज बदल. गावभर गळत्या काढतोस आणि घरी दिव्याखाली अंधार!

ता. क. आत्ताच आई गरम पाण्याची पिशवी माझ्या पोटावर ठेवून गेल्या. नळासाठी कुणी पोट शेकतं का रे? त्यांना सगळं कळलंय.

तरी नळ बदलच.