बीट्स हर अप

बाई, आठवीत परळच्या शाळेत तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवायचात. ‘बीट अप’ म्हणजे बेदम मारणं, असं सांगून तुम्ही घरून दोन वाक्यं करून आणायला सांगितलीत. बाकीच्यांनी चोराला मारलं, गुंडाला मारलं. मी लिहिलं, ‘माय मदर इज अ गुड कुक. माय फादर बीट्स अप हर.’ लाल पेनाने तुम्ही ‘हर’वर काट मारून तो अलीकडे घेतलात. बीट्स हर अप. “सर्वनाम असलं की ते मध्ये येतं,” म्हणालात. वर्ग रिकामा झाल्यावर हळूच विचारलंत, “हे घरचं आहे का गं?” मी मान हलवली.

त्या रविवारी तुम्ही आमच्या खोलीत आलात. बाबा तुम्हाला खुर्ची देतात, आईला चहा ठेवायला सांगतात. तुम्ही माझ्या अभ्यासावरून हळूहळू वहीतल्या वाक्यावर येता. बाबा आवाज न चढवता मला विचारतात, “काय गो, काय लिवलंस वहीत?” मी म्हणते, “बाईंनीच फळ्यावर लिहून दिलेलं.” आई पाठमोरीच राहते. तुम्ही माझ्याकडे बघता, पण रागाने नाही. मग बाबांना म्हणता, “हो, माझीच चूक. उदाहरण वाईट निवडलं.” बाबांनी दुसऱ्याच दिवशी शाळेत तक्रार केली. तुम्हाला पाचवीवर पाठवलं, आम्हाला दुसरे सर आले.

आता मी फोर्टमध्ये एका वकिलांकडे बायकांचे जबाब इंग्रजीत उतरवते. परवा नव्या मुलीने ‘नवऱ्याने गैरवर्तन केले’ अशा अर्थाचं मोघम काहीतरी लिहिलं होतं. मी खोडून तुमचं क्रियापद घातलं. ती म्हणाली, “मॅडम, तुमचं इंग्लिश एकदम करेक्ट असतं हां.” मला तिच्याकडे बघवेना.

माझ्या लग्नानंतर एकदा दादरच्या फुलबाजारात तुम्ही भेटला होतात. ओळखलंत, आणि पहिलं विचारलंत, “आई कशी आहे?” “मजेत,” मी म्हणाले. आदल्याच दिवशी तिच्या हाताला प्लास्टर घालून आणलं होतं. पुढच्या वर्षी तुम्ही गेल्याचं कळलं. हे पत्र टाकायला आता पत्ता नाही. फुलबाजारात त्या दिवशी मला बाबांची भीती वाटली नव्हती, बाई. त्या रविवारी तुमच्यावर ढकललेलं खोटं तुमच्यापुढे कबूल करायची लाज वाटली, म्हणून तिचा मोडलेला हात मी लपवला.