पलीकडच्या डोहाचा बंदोबस्त

४ तारीख, सोमवार. सकाळ.

आधी आला तो बर्फवाला. बर्फ उतरवायच्या आधी त्याने बातमी उतरवली. म्हणे गाडीमागे बोट बांधून कोणी माणसं आलीत आणि पहिल्यांदा गेली ती पलीकडे. पलीकडची म्हणजे माझी धाकटी जाऊ, खाडीच्या त्या काठाला राहते. मला त्याचं काही नाही. कोणीही कोणाकडे जावं. पण तिच्या धक्क्यापुढे ओहोटीला नुसता चिखल. बोट रुतली आणि मंडळी आली आमच्याकडे. देवाला डोळे आहेत.

एक बाई आहे, माशांची डॉक्टर. एक चष्मेवाला, तिच्या हाताखालचा. मागची खोली दिली. पाणी कितीही गढूळ असलं तरी खालचे मासे कुठे राहतात ते दाखवणारं मशीन आहे त्यांच्याकडे. त्याला सोनार म्हणतात. दागिन्यांशी संबंध नाही, विचारून घेतलं. माझ्या गुडघ्याचंही विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, माशांना गुडघे नसतात. खूप हसलो. पोरगी गुणाची आहे. लग्न झालंय का ते उद्या विचारीन.

संकल्प : पाहुण्यांसमोर जावेबद्दल वाईट बोलायचं नाही.

तोच दिवस. संध्याकाळ.

बोलले. पण थोडंच. वाटणीपासून सुरुवात केली, कारण मधूनच सांगितलं की माणसाला काही कळत नाही. सासरे गेले तेव्हा मोठी होडी आम्हांला आली आणि पलीकडचा मासळीचा खोल डोह धाकट्या दिराला. होडी कधीच कुजली. डोह कुठे कुजतो? त्यात गेल्या महिन्यात बाजारात गिऱ्हाइकांपुढे म्हणाली, ताईंच्या धक्क्याखालचा मासा चिखल खातो, चवीला कळतं. चार बायका हसल्या. मी ते विसरले आहे. कोण कोण हसलं तेवढंच लक्षात ठेवलंय.

चष्मेवाल्याला ऐकता ऐकता झोप लागली. दमला असेल बिचारा.

६ तारीख, बुधवार.

आज मला बोटीत बसवलं! सूनबाई नको म्हणत होती, तोल जाईल म्हणे. या खाडीत मी तिच्या नवऱ्याला पोहायला शिकवलं, ती मला तोल शिकवते.

मशीन खाली आवाज सोडतं. आवाज तळाला आपटून परत येतो, मध्ये मासा असला तर आधीच परत येतो. विहिरीत हाक मारल्यासारखं. टीव्हीएवढ्या स्क्रीनवर खाडीचा तळ पिवळा दिसतो आणि मासे म्हणजे बारीक बारीक रेघा. डॉक्टरीणबाईचं लग्न झालेलं नाही. घाई नाही म्हणाली. माझ्या भाच्याचा मुलगा आहे, पण तो फार घोरतो.

मग मी विचारलं, हे सगळं कशासाठी? तर म्हणाली, माशांची पिल्लं कुठे वाढतात त्याचा रिपोर्ट करायचाय, आणि जिथे ती सापडतील ते पाणी राखीव. तिथे जाळं टाकायला बंदी.

बंदी! मला एकदम डोह दिसला आणि डोहात पलीकडचीचं जाळं दिसलं, आणि ते जाळं वर ओढून घेणारा सरकारी माणूस दिसला. पुढे ती आणखी काही सांगत होती, काही अटी वगैरे, पण अशा वेळी कोणाचं लक्ष लागतं! मी लगेच सांगून टाकलं की बाई गं, या खाडीतली सगळी पिल्लं त्या डोहात. माझं केस पिकलेलं डोकं बघून तिने ते लिहून घेतलं.

यात सूड वगैरे काही नाही. माशांचं भलं आहे.

७ तारीख, गुरुवार.

मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे.

डोहावरून चार फेऱ्या मारल्या. तळ म्हणे ताटासारखा गुळगुळीत. चष्मेवाला म्हणाला, पिल्लांना लपायला तिथे काहीच नाही, मोठा मासा येतो आणि जातो. आणि परत येताना आमच्या धक्क्याखाली स्क्रीन रेघांनी भरून गेली. दोघं टाळ्या पिटायला लागली. पिल्लंच पिल्लं, आजी, पाळणाघर आहे हे तर.

मी मात्र टाळी वाजवली नाही. कारण हे पाळणाघर आमचंच काम. माझा मुलगा दर मोसमात फांद्यांचे भारे बांधतो, दगड लावून धक्क्याखाली सोडतो. पिल्लं त्यात लपतात, पिल्लांच्या मागे मोठे येतात, मोठे सूनबाईच्या जाळ्यात येतात. मुलगा महिना महिना दुसऱ्याच्या बोटीवर असतो. तोवर चूल पेटते ती या जाळ्यावर. इथे बंदी आली तर काय, खाडीकडे बघत बसायचं? आणि ती पलीकडे दात काढणार.

सोमवारी पुन्हा मशीन फिरवणार आहेत. तेच शेवटचं, मग रिपोर्ट.

टेन्शनमध्ये जेवण गेलं नाही. म्हणजे एकदाच गेलं.

८ तारीख, शुक्रवार. सकाळ.

आंघोळ करताना प्लॅन सुचला. पिल्लं राहतात भाऱ्यांमध्ये. भारे हलवले की पिल्लं हलली. भारे डोहात टाकले की पिल्लं डोहात, बंदी डोहावर, आणि आमचा धक्का मोकळा. शिकलेल्या माणसाला हे सुचलं नसतं, तो पुस्तकात बघत बसला असता.

सूनबाईला सांगायचं नाही. ती प्रश्न विचारते.

८ तारीख. दुपार.

पलीकडची जेवली की आडवी होते आणि तिचं घोरणं पाण्यावरून आमच्यापर्यंत येतं. सूनबाई बाजारात, पाहुणे शहरात बॅटरी आणायला. ओहोटी लागलेली. बर्फवाल्याला मी हाताशी धरलं. तो कुरकुरला, त्याला म्हटलं, तुझ्या आईला मी बाळंतपणात काय काय करून घातलंय ते सांगू का सगळ्यांना? मग आमची छोटी डोंगी पाण्यात सोडली त्याने.

भारे चिखलात असे रुतले होते की दोघं ओढता ओढता मागे पडलो. पण अर्धे नेले. डोहात सोडताना प्रत्येक भाऱ्याला म्हटलं, जा बाबा, आणि नीट बस.

पलीकडे घोरणं चालूच. झोप म्हणजे काय झोप! मन स्वच्छ नसलेल्या माणसाला इतकी झोप लागते कशी?

१० तारीख, रविवार.

उरलेले भारे काल गेले. कंबर गेली. डॉक्टरीणबाईकडे मलम मागितलं, तिच्याकडे फक्त माशांना बेशुद्ध करायचं औषध आहे. तेही चाललं असतं.

सूनबाईचं जाळं आज जवळजवळ रिकामं आलं. मी म्हटलं पाणी गार झालंय. ती म्हणाली, आई, पाणी गार झालं की जास्त येतात. म्हटलं, तेच तर, यंदा सगळं उलटं आहे. ती बराच वेळ माझ्या कोपरावरच्या ओरखड्यांकडे बघत होती. मांजर, म्हटलं. आमच्याकडे मांजर नाही.

१२ तारखेपासून कोणाशी खोटं बोलायचं नाही. उद्या मशीन आहे, उद्याचं सांगता येत नाही.

११ तारीख, सोमवार.

जिंकले!

डोहात भारे उभे राहिलेले स्क्रीनवर स्पष्ट दिसले, कंगव्याच्या दातांसारखे, आणि दातांमध्ये रेघा! सगळ्या नाहीत, पण आल्यात, बाळं माझी. डॉक्टरीणबाईचा विश्वास बसेना. चष्मेवाल्याने काच पुसून पुन्हा बघितलं. म्हणाला, याला दोर दिसतायत, हे कोणीतरी मुद्दाम सोडलंय. कोणी सोडलं असेल, आजी?

खोटं कशाला बोला. मी फक्त पलीकडच्या घराकडे मान हलवली. आता बंदी तर येईलच, वर न विचारता पाण्यात कचरा टाकला म्हणून दंडही होईल तिला.

दोघं तडक तिकडे गेली. इकडून दिसत होतं सगळं, ऐकू काही येत नव्हतं. पलीकडची आधी कमरेवर हात ठेवून उभी, मग तोंडाला पदर, मग मान खाली. रडत असावी. मी दोन कप चहा प्यायले. मोठं मन करून उद्या तिला भेटायला जाईन.

१४ तारीख, गुरुवार.

गेले नाही भेटायला. कंबर.

पाहुणे सामान बांधायला लागले तेव्हा विचारलं, मग डोहावर बंदीची पाटी कधी लागते? डॉक्टरीणबाई म्हणाली, छे हो, त्या दिवशी बोटीतच सांगितलं होतं की. राखीव फक्त आपोआप झालेल्या जागा. जिथे माणूस स्वतः पिल्लांना घर बांधून देतो, ती जागा त्याच्याच ताब्यात ठेवतात. त्याने जाळं टाकावं, जागा राखावी, आणि बाकीच्या काठांनी त्याच्याकडून शिकावं. मशीन आता कायम डोहावर राहणार. जाऊबाईंच्या अंगणात त्याची खोली बांधणार. राखणदार म्हणून नाव जाऊबाईंचं.

मी विचारलं, ती काय म्हणाली तुम्हांला? भारे मीच सोडले म्हणाली?

"हो की. म्हणाल्या, हे सगळं थोरल्या जाऊबाईंकडून शिकले."

मी कप खाली ठेवला. मग ती पोरगी माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली,

"आजी, खरं सांगू? राखणदारीसाठी पहिला नंबर तुमच्या धक्क्याचाच लागला होता. पण सोमवारी बघितलं तर खाली नुसते खांब. तुमचे भारे गेले कुठे?"

मी म्हटलं, भरतीत वाहून गेले असतील. दगड लावलेले, तरी.

१५ तारीख, शुक्रवार.

आमच्या धक्क्यावर बंदी नाही, हे मी सूनबाईला दोनदा सांगितलं. तिने रिकामं जाळं माझ्यासमोर ठेवलं आणि बाजाराची टोपली पालथी घातली.

बर्फवाला आला. बर्फ कमी घेतला, ठेवायला काही नाही. जाता जाता म्हणाला, पलीकडच्या बाईंनी निरोप दिलाय. दुपारी घोरतात ते त्यांचे यजमान, त्या माडीवर बसलेल्या असतात. आणि ताईंना सांग म्हणाल्या, गाठी छान बसल्यात, एकही सुटली नाही.

मुलगा परवा येतो. आल्या आल्या धक्क्याखाली बघेल.

डॉक्टरीणबाई पाया पडून गेली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी परत येणार आहेत दोघं. उतरणार पलीकडे.